बंद पेटीतील कायदा

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. दुपारची वेळ होती. बाहेर पावसाची रिपरिप चालली होती आणि कापसाचे निंदण थांबल्यामुळे सारे गाव घरातच होते. अशा वेळी एक वृद्ध भगिनी आमच्या दाराशी आल्या. पदरात गुंडाळून आणलेली जुनी शिधापत्रिका त्यांनी टेबलावर ठेवली व म्हणाल्या, "फादर, माझं नाव गेलं म्हणतात. कुठं गेलं, ते मात्र कुणी सांगेना."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्यासोबत एका कार्यालयात गेलो. तेथील कारकून सज्जन होता. त्याने आम्हांस बसावयास खुर्ची दिली, संगणकाच्या पडद्यावर दोन-तीन वेळा शोध घेतला आणि शेवटी हात जोडून म्हणाला, "सिस्टममध्ये दाखवत नाही, फादर. वरूनच गेलंय." 'वर' म्हणजे कोठे, हे त्यास ठाऊक नव्हते. त्याच्या वरिष्ठांसही ठाऊक नव्हते. कोणत्या नियमाने, कोणत्या पुराव्यावरून आणि कोणाच्या सहीने हे नाव गेले, ह्या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच मिळाले: संगणकाने काढले.

वाचकहो, लाच मागणारा अधिकारी आपण पाहिला आहे, आळशी अधिकारीही पाहिला आहे. त्यांच्याविरुद्ध तक्रार कोठे करावी, हे आपण जाणतो. परंतु ज्या खोलीत सर्वजण सज्जन आहेत आणि तरीही नियम काय आहे हे कोणासच माहीत नाही, अशा खोलीत दाद कोणाकडे मागावी? ह्या एका प्रश्नाने आम्हांस पुढे कित्येक दिवस स्वस्थ बसू दिले नाही. त्याचा माग काढता काढता आम्ही ज्या विषयापाशी येऊन पोहोचलो, तो वरकरणी मोठ्या शहरांतील पंडितांचा वाटेल: शासन वापरते त्या संगणकीय आज्ञावलीची मूळ संहिता उघडी असावी, की बंद? पण हा विषय आपल्या चुलीपर्यंत येऊन पोहोचला आहे. म्हणूनच तो येथे मांडीत आहोत.

रोमच्या चौकातील बारा पाट्या

प्रथम एक जुना इतिहास सांगतो. प्राचीन रोममध्ये एके काळी कायदा लिहिलेला नव्हता. तो सरदारघराण्यांच्या आणि त्यांच्यातूनच निवडलेल्या पुरोहितांच्या स्मरणात असे. सामान्य माणूस न्यायासाठी उभा राहिला म्हणजे त्यास कळे की, तो हरला आहे. कोणत्या नियमाने हरला, ते कळत नसे. लोकांनी दीर्घकाळ झगडा केला. अखेर इसवी सनापूर्वी ४५१-४५० ह्या वर्षांत कायदा बारा पाट्यांवर लिहून रोमच्या चौकात, येणाऱ्याजाणाऱ्यास वाचता येईल असा लावण्यात आला. त्या पाट्यांवरील कित्येक नियम कठोर होते. तरीही लोकांना तो आपला मोठा विजय वाटला. कारण कठोर नियम निदान वाचता येतो, त्याविरुद्ध बोलता येते, तो बदलून घेता येतो.

इतके होऊनही खटला कोणत्या शब्दांत दाखल करावयाचा आणि न्यायालय कोणत्या दिवशी भरावयाचे, हे पुरोहितांनी आपल्याच कुलपात ठेवले होते. इसवी सनापूर्वी ३०४ मध्ये क्नेयस फ्लाविअस ह्या गृहस्थाने, ज्याचा बाप गुलामगिरीतून मुक्त झालेला होता, ती सूत्रे व ते दिवस लोकांसमोर उघड केले. पुरोहितांच्या हातून अशी कुलपे लागतात, हे आम्ही पुरोहितांनीच आधी कबूल केलेले बरे!

आज तो कायदा पुन्हा एकदा पेटीत गेला आहे, आणि ह्या वेळी ती पेटी संगणकाची आहे. संगणक स्वतः विचार करीत नाही. माणसाने ओळीओळीने लिहून दिलेल्या आज्ञा तो पाळतो. 'अमुक कुटुंबाकडे चारचाकी वाहन असेल तर नाव वगळ,' ही अशीच एक आज्ञा होय. माणसास वाचता येईल अशा स्वरूपात लिहिलेल्या ह्या आज्ञांस मूळ संहिता म्हणतात. यंत्रासाठी तिचे जे रूपांतर होते ती शून्य व एक ह्यांची लांबच लांब रांग असते. तिच्यावरून मूळ नियम काय होता हे ओळखणे तज्ज्ञासही फार जड जाते. पुष्कळ कंपन्या गिऱ्हाइकास केवळ हे रूपांतर देतात आणि मूळ संहिता आपल्यापाशी ठेवतात. ह्यास बंद आज्ञावली म्हणतात. ह्याउलट काही जण मूळ संहिताही सोबत देतात आणि ती वाचण्याची, वापरण्याची, सुधारण्याची व दुसऱ्यास देण्याची लेखी परवानगी देतात. हीच मुक्त-स्रोत, अर्थात 'ओपन सोर्स' आज्ञावली. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८३ साली ह्या विचाराची चळवळ आरंभिली. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने १९९१ साली 'लिनक्स'चा गाभा लिहून तो जगास खुला केला. आज आपल्या खिशातील बहुतेक भ्रमणध्वनींच्या पोटात तोच गाभा आहे.

तेलंगणात काय घडले

आता आपल्या राज्याकडे वळू. तेलंगण शासनाने 'समग्र वेदिका' नावाची एक यंत्रणा उभारली. वाहनांची नोंद, मालमत्ता-कर, वीजजोडणी, जमीन इत्यादि निरनिराळ्या खात्यांच्या याद्या एकत्र जोडावयाच्या आणि कोणते नाव कोणत्या नावाशी जुळते, हे यंत्राने ठरवावयाचे, असे तिचे स्वरूप. हेतू वाईट नव्हता: श्रीमंतांनी घेतलेल्या खोट्या शिधापत्रिका शोधून काढणे. परंतु राज्यात एकूण सुमारे १९ लक्ष शिधापत्रिका रद्द झाल्या, आणि असंख्य कुटुंबांना आधी नोटीसही मिळाली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०२२ च्या एप्रिल महिन्यात न्यायालयाने रद्द झालेल्या शिधापत्रिकांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन फेरतपासणी करावी, असा आदेश दिला.

पुढे २०२४ च्या जानेवारीत पत्रकारांनी ह्या प्रकरणाचा जो शोध प्रसिद्ध केला, त्यातील आकडे विचार करावयास लावणारे आहेत. २०२२ च्या जुलैअखेर फेरतपासणी झालेल्या सुमारे २ लक्ष अर्जांपैकी १५ हजारांहून अधिक कुटुंबे पात्र असूनही वगळली गेली होती. रिक्षावर पोट चालणाऱ्या घरी मोटारगाडी आहे, असेही यंत्राने ठरविले होते. नावाशी नाव जुळले, एवढेच कारण! आणि ही जुळवणी नेमक्या कोणत्या सूत्राने होते, हे जेव्हा माहितीच्या अधिकाराखाली विचारण्यात आले, तेव्हा त्यावर कंपनीचा हक्क असल्याचे कारण पुढे करून ते देण्यास नकार मिळाला.

शंभरातील सात-आठ चुका म्हणजे यंत्र बरेच चांगले चालले, असे कोणी म्हणेल. पण शिधापत्रिकेवर माणशी ६ किलो तांदूळ मिळतो. ज्याचे नाव चुकून गेले, त्याच्या ताटातील सात-आठ टक्के तांदूळ जात नाही; सगळाच जातो.

नावांची ही जुळवणी आपल्या सीमाभागात किती अवघड आहे, हे आपणाइतके कोणास ठाऊक? 'ज्ञानेश्वर' हे नाव महाराष्ट्रातील कारकून रोमन लिपीत 'डी' ह्या अक्षराने आरंभितो. तेलुगू रिवाजाने तेच 'जी' ह्या अक्षराने सुरू होते. मराठी माणूस आपले नाव, मग बापाचे, मग आडनाव असे लिहितो. तेलुगू माणूस घराण्याचे नाव आधी लिहितो. एकाच माणसाची शाळेच्या दाखल्यावर एक ओळख, मतदारयादीत दुसरी आणि शिधापत्रिकेवर तिसरी! त्यातच शेजारच्या कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्याच्या सीमेवरील, ज्यांवर महाराष्ट्र व तेलंगण ही दोन्ही राज्ये हक्क सांगत आली आहेत, त्या १४ गावांचा विचार करा. तेथील पुष्कळ लोकांपाशी दोन्ही राज्यांची ओळखपत्रे आहेत. तेथे मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, बंजारा, उर्दू अशा भाषांची नावे एकाच यादीत नांदतात. अशा यादीवर कोणते सूत्र लावले, दोन नावे किती सारखी असली म्हणजे ती एकाच माणसाची मानली, हे ठरविणे ही केवळ अभियंत्याची बाब नाही. तो कायदाच आहे. आमच्या दाराशी आलेल्या भगिनींचे नाव ह्याच कारणाने गेले, असे आम्ही म्हणत नाही. कारण ते कळावयास वाटच नाही. आमची तक्रार नेमकी तीच आहे.

पुण्यातील एक भाषण आणि दिल्लीतील एक धोरण

हा विचार आपल्या देशात नवा नाही. २००३ च्या मे महिन्यात राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम पुण्याच्या एका माहिती-तंत्रज्ञान संस्थेत बोलावयास उभे राहिले. त्याआधी काही महिने जगातील सर्वांत मोठ्या आज्ञावली-कंपनीचे संस्थापक बिल गेट्स त्यांना भेटून गेले होते. त्या भेटीत दोघांचे मत जुळले नव्हते, हे डॉक्टरांनी मोकळेपणाने सांगितले. भारतासारख्या कोट्यवधींच्या देशास मुक्त-स्रोत आज्ञावलीचाच मार्ग हितकर आहे, असे आग्रही प्रतिपादन त्यांनी तेथे केले. क्षेपणास्त्रे घडविलेला मनुष्य हे बोलत होता. परदेशाने एखादी वस्तू नाकारली म्हणजे काय होते, हे त्याने आयुष्यभर अनुभवले होते.

त्यानंतर बारा वर्षांनी, २०१५ च्या मार्चमध्ये, केंद्र सरकारने मुक्त-स्रोत आज्ञावलीविषयीचे आपले धोरण जाहीर केले. निविदा मागविताना मुक्त-स्रोत पर्यायाचा विचार झालाच पाहिजे, आणि तो वगळला तर त्याचे समर्थन दिले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. त्याच वर्षी, शासनाच्या स्वतःच्या आज्ञावलींची संहिता खुली करण्याविषयीही वेगळे धोरण आले. शब्द चांगले आहेत. परंतु 'विचार करावा' आणि 'स्वीकारावे' ह्यांत जेवढे अंतर असते, तेवढे अंतर धोरण व व्यवहार ह्यांत राहिले. २०२० च्या साथीत सरकारने 'आरोग्य सेतु' काढला तेव्हा लोकांनी संहिता दाखविण्याची मागणी केली. मे महिन्यात ती खुली झाली, पण आरंभी केवळ भ्रमणध्वनीवरील भागाची. माहिती जेथे साठते त्या मध्यवर्ती संगणकाची संहिता त्या वेळी बाहेर आली नव्हती. अंगण दाखविले, माजघराचे दार लोटलेलेच राहिले.

असे का होते? येथेच राजकारण येते. बंद आज्ञावलीच्या पाठीशी मोठी विक्रीसंस्था असते. मुक्त-स्रोत आज्ञावलीच्या बाजूने अधिकाऱ्याच्या दारी खेपा घालणारा कोणी नसतो. जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेने २००३ साली आपले संगणक लिनक्सवर नेण्याचे ठरविले, तेव्हा त्या बलाढ्य कंपनीचे प्रमुख स्वतः महापौरांस भेटावयास गेले होते. महापौर बधले नाहीत. सुमारे १५ हजार संगणक बदलले गेले. परंतु पुढे सत्ता बदलली, तक्रारी वाढल्या, आणि २०१७ साली नगरपालिकेने परत फिरण्याचे ठरविले. त्याच देशातील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने मात्र २०२४ साली ३० हजार संगणक मुक्त आज्ञावलीवर नेण्याचा निर्णय जाहीर केला. पेरू देशाच्या संसदेतील एक सदस्य एडगर व्हिलान्वेवा ह्यांनी २००२ साली कंपनीच्या आक्षेपांस उत्तर देताना तीन गोष्टींवर भर दिला होता: नागरिकास सार्वजनिक माहिती अडथळ्यावाचून मिळावी, ती माहिती चिरकाल टिकावी आणि राज्याची सुरक्षितता राहावी. आपल्याकडे केरळ राज्याने शाळांतील संगणक-शिक्षणच मुक्त आज्ञावलीवर आणून दाखविले. हैदराबादेतील 'स्वेच्छा' ही संस्था तेलुगू भाषेसाठी असेच काम करीत आली आहे.

ह्यांतील दुसरी गोष्ट, म्हणजे माहितीचे टिकणे, आपण मराठी लोकांनी चांगलीच भोगली आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मराठी अक्षरे संगणकावर उमटविण्याची प्रत्येक कंपनीची रीत निराळी होती. त्या वेळी जुळवलेली आमच्याकडील कित्येक कागदपत्रे आजच्या संगणकावर उघडली म्हणजे अक्षरांऐवजी चिन्हांचा कचरा दिसतो. शंभर वर्षांपूर्वीची शाईने लिहिलेली वही आम्ही वाचू शकतो. पंचवीस वर्षांपूर्वीचे संगणकीय पान वाचू शकत नाही. हेच जर सातबारा अथवा जन्मनोंदीचे झाले, तर?

उघडे म्हणजे असुरक्षित काय?

आता सर्वांत वजनदार आक्षेप. संहिता उघड केली तर चोरास घराचा नकाशाच दिल्यासारखे होणार नाही काय? २०२३ च्या सप्टेंबरात मतदान-यंत्राच्या मूळ संहितेची स्वतंत्र तपासणी व्हावी अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली होती. न्यायालयाने ती याचिका फेटाळली. संहिता लोकांसमोर मांडली तर ती फोडू पाहणाऱ्यांचेच फावेल, असा विचार त्या वेळी न्यायासनाकडून बोलून दाखविण्यात आला. हे भय खुळे नाही. त्याचा आदराने विचार केला पाहिजे.

ह्याच प्रश्नावर १८८३ साली ऑग्युस्त केर्कहोफ्स ह्या भाषापंडिताने सैनिकी गुप्तलिपीच्या संदर्भात एक तत्त्व सांगितले. यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बाध येऊ नये. गुप्त राहावी ती केवळ किल्ली. कुलूप कसे बनते हे साऱ्या लोहारांना माहीत असते, तरीही चांगले कुलूप चांगलेच राहते. कारण किल्ली मालकापाशी असते. जे कुलूप, त्याची रचना कोणास कळली नाही म्हणूनच टिकते, ते कुलूप नव्हे. रचना एक ना एक दिवस कळतेच. आज जगभरातील बँकांचे व्यवहार ज्या सांकेतिक पद्धतींनी चालतात, त्या सर्वांसमोर छापलेल्या आहेत.

तरीही आम्ही एकांगी बोलू इच्छीत नाही. दार उघडे असले म्हणजे कोणी आत डोकावतोच, असे नाही. २०१४ साली 'ओपन-एसएसएल' नावाच्या मुक्त आज्ञावलीत एक भयंकर छिद्र सापडले. ते दोन वर्षे तेथेच होते. अर्धे जग ती वापरीत होते, आणि तिची निगा मूठभर माणसे राखीत होती. २०२४ च्या मार्चमध्ये तर ह्याहून विलक्षण प्रकार झाला. 'एक्सझेड' नावाची एक लहानशी आज्ञावली एक मनुष्य फावल्या वेळात सांभाळीत असे. त्याला मदत करण्याच्या मिषाने कोणी अज्ञात इसम दोन वर्षे गोड बोलत जवळ आला, विश्वास संपादन केला, आणि मग त्याने तीत चोरदरवाजा बसविला. हा कट उघडकीस आला तो आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्यामुळे. आपला संगणक नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद उशिरा उत्तर देत आहे, एवढेच त्याच्या ध्यानी आले आणि तो खोलात गेला. मूळ संहिता खुली होती, म्हणूनच त्यास इतका झटपट माग लागला. ह्या गोष्टीत दोन्ही धडे आहेत: खुलेपणामुळे चोर आत येऊ शकला, आणि खुलेपणामुळेच पकडला गेला. तेव्हा शासन मुक्त आज्ञावली फुकट घेऊन स्वस्थ बसले, तर ते आळशी घरमालकासारखे ठरेल. तिची राखण करणाऱ्या माणसांवर त्याने पैसा खर्च केला पाहिजे.

बंद पेटीचेही धोके तितकेच खरे आहेत. २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' ह्या खंडणीखोर आज्ञावलीने जगभर धुमाकूळ घातला. आंध्र प्रदेशातील पोलिसांच्या काही संगणकांवरही ती पोहोचली. ज्या छिद्रातून ती शिरली ते छिद्र एका बंद आज्ञावलीतील होते, आणि अमेरिकेच्या गुप्तहेर-संस्थेस ते आधीपासून ठाऊक होते. पेटी आपणासाठी बंद होती; त्यांच्यासाठी नव्हती. तसेच २०२५ च्या जुलैमध्ये युरोपीय निर्बंधांचा फटका बसलेल्या नायरा एनर्जी ह्या गुजरातेतील तेलशुद्धीकरण कंपनीची संगणक-सेवा परदेशी पुरवठादाराने एकाएकी बंद केली. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि काही दिवसांनी सेवा पूर्ववत झाली. पण टपाल व कागदपत्रे आपली आणि कळ दुसऱ्याच्या हाती, ही स्थिती तेव्हा साऱ्या देशाने पाहिली. संरक्षण मंत्रालयाने २०२३ साली 'माया' ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली आपल्या संगणकांवर आणण्याचे ठरविले, त्यामागे हीच चिंता होती.

येथे एक सावधगिरीची सूचना. अलीकडे स्वदेशी आज्ञावलीचा पुरस्कार मोठ्या उत्साहाने होत आहे, आणि केंद्र सरकारचा टपाल-व्यवहार एका भारतीय कंपनीच्या प्रणालीवर गेला आहे. देशी उद्योगाचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु स्वदेशी आणि खुले हे एक नव्हे. समग्र वेदिकेची बंद पेटीही परदेशातून आली नव्हती. कुलूप अलीगढचे असले म्हणून किल्ली आपल्या हाती आली, असे होत नाही.

नियम चावडीवर, नावे कुलपात

काही वाचक विचारतील, "फादर, हे सारे उघडे केले तर आमचीही माहिती चव्हाट्यावर येईल ना?" नाही, हा भेद नीट ध्यानात घ्यावा. संहिता उघडी करणे म्हणजे नियम उघडा करणे. कोणाच्या अंगठ्याचा ठसा, कोणाचा आजार, कोणाचे कर्ज, ही माहिती कुलपातच राहावी. किंबहुना ती कुलपात आहे की नाही, हेही नियम उघडा असल्याशिवाय तपासता येत नाही. नियम चावडीवर असावा आणि नावे कुलपात असावीत. आज पुष्कळदा नेमके उलटे घडते.

आणि आपल्या जिल्ह्यास खुलेपणाचा अनुभव नाही, असे नाही. रोजगार हमीचा कायदा २००६ साली देशातील पहिल्या २०० जिल्ह्यांत लागू झाला, त्यांत आदिलाबाद होते. त्या वेळच्या आंध्र प्रदेशाने सामाजिक लेखापरीक्षणाची पद्धत आणली. हजेरीपट गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचावयाचा, आणि ज्याचे नाव वाचले त्याने उठून सांगावयाचे की, आपण त्या कामावर होतो की नव्हतो. मृतांच्या नावे घेतलेली मजुरी अशाच वाचनांतून बाहेर आली. ज्यांस अक्षर येत नव्हते त्यांनीही तो हिशेब तपासला. मग संगणकाची संहिता सामान्यांस कशी कळणार, हा आक्षेप कोठे राहतो? रोमच्या चौकातील पाट्या तरी किती जणांस वाचता येत होत्या? शंभरांत एकाने वाचले तरी पुरे. तो उरलेल्या नव्याण्णवांस सांगतो. अट एवढीच की, पाटी चौकात असली पाहिजे.

तोपर्यंत आपण काय करावे? माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आपल्या हाती आहे. शासनाच्या निर्णयाची झळ ज्यास लागली त्यास त्याची कारणे दिली पाहिजेत, असे त्याच्या चौथ्या कलमात स्पष्ट आहे. 'संगणकाने काढले' हे कारण नव्हे. व्यापारी गुपिताचा अपवाद आठव्या कलमात आहे हे खरे. पण व्यापक लोकहित असेल तर तो अपवाद बाजूस सारता येतो, हेही तेथेच लिहिले आहे. तेव्हा नाव गेल्यास तोंडी विनवणीवर थांबू नये. लेखी अर्ज करावा, पोच घ्यावी, कारण मागावे. ग्रामसभेत विचारावे की, ही यंत्रणा कोणी लिहिली, तिचा नियम काय, आणि चुकले तर दुरुस्ती किती दिवसांत होईल? आपल्या शिकलेल्या मुलामुलींनी हे अर्ज लिहून देण्यास एक संध्याकाळ द्यावी. आमदार-खासदार मत मागावयास येतील तेव्हा रस्ता व पाणी ह्यांसोबत हाही प्रश्न त्यांच्यापुढे ठेवावा: आमच्या पैशाने लिहिलेली संहिता आमची का नाही?

राज्यात २०२५ च्या जुलैपासून नव्या शिधापत्रिकांचे वाटप सुरू झाले. आमच्या त्या वृद्ध भगिनींनीही पुन्हा अर्ज केला. चार महिने त्या शेजारणींच्या उसन्या तांदळावर होत्या. हिवाळा लागता लागता त्यांचे नाव पुन्हा यादीत चढले, आणि ते सांगण्यासाठी त्या मुद्दाम आल्या. आम्ही आनंदाने विचारले, "मग, का गेलं होतं ते कळलं का?" त्यांनी मान हलविली. "नाही, फादर. जसं गेलं, तसंच आलं."

त्यांना तांदूळ मिळाला, ह्याचे समाधान आहेच. परंतु जे नाव कारणावाचून आले, ते कारणावाचून पुन्हा जाऊही शकते. म्हणून आम्ही त्यांच्या वतीने कारण विचारणारा अर्ज लिहिला. त्यावर त्यांनी अंगठा उमटविला आहे. त्याची पोच आमच्या टेबलाच्या खणात आहे, आणि उत्तराची आम्ही वाट पाहत आहोत.